मंद उजेडातली मोजणी

या पुस्तकात चित्रं कमी आहेत आणि आकडे जास्त, हे सुरुवातीलाच सांगतो. सूक्ष्मदर्शकावरचं पुस्तक हाती घेणाऱ्याला पानोपानी रंगीत पेशी पाहायला मिळतील असं वाटतं आणि ते स्वाभाविक आहे. पण काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या-किरमिजी ठिपक्यांनी रेखलेली, एकेकट्या रेणूंची जी चित्रं आज संशोधनपत्रिकांच्या मुखपृष्ठांवर येतात, ती कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रं नसतात. कॅमेऱ्याने टिपलेल्या असतात त्या हजारो अंधूक फ्रेम. त्यांतल्या एकेका धूसर ठिपक्याचा मध्य गणिताने काढायचा, सगळे मध्य कोऱ्या पटावर मांडायचे आणि त्यातून चित्र उभं करायचं, अशी ती पद्धत आहे. म्हणजे चित्रातला प्रत्येक बिंदू हा एका मोजमापाचा निकाल असतो. त्या निकालात किती चूक असू शकते हे सोबत सांगितलं नसेल, तर चित्र कितीही देखणं असलं तरी त्यावरून काही ठरवता येत नाही.

भिसेगावात रविवारी घेतलेल्या वर्गांच्या टिपणांतून हे पुस्तक झालं. कर्जत, नेरळ, खोपोली या भागातले विज्ञान शाखेचे विद्यार्थी त्या वर्गांना येत. त्यांच्यातले पुष्कळजण पुढे लोकल पकडून मुंबईच्या प्रयोगशाळांत आणि औषध कंपन्यांत रुजू होतात. तिथे त्यांच्या हातात लाखो रुपयांचं यंत्र आणि त्यासोबतचं सॉफ्टवेअर येतं. बटण दाबलं की दशांश चिन्हानंतर तीन-चार अंक असलेला आकडा पडद्यावर उमटतो. त्या आकड्यातले किती अंक खरे, हे विचारायची सवय लागावी, एवढ्यासाठी मी हा विषय निवडला. मोजमापातल्या चुकीचा विचार शिकायला मंद उजेडासारखा दुसरा शिक्षक मला माहीत नाही, कारण इथे चूक लपवायला जागाच नसते.

एकच रेणू पाहायचा, ही गोष्ट बराच काळ कुणाला शक्य वाटली नव्हती. १९५२ साली एर्विन श्रोडिंजर यांनी एका लेखात स्पष्टपणे म्हटलं होतं की आपण एकट्या इलेक्ट्रॉनवर, अणूवर किंवा रेणूवर कधी प्रयोग करत नाही. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १९८९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत विल्यम मोर्नर आणि लोथर काडोर यांनी द्रव हेलियमच्या थंडीत, स्फटिकात अडकलेल्या पेंटासीनच्या एकाच रेणूने प्रकाश शोषल्याची खूण नोंदवली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये बोर्दो इथे मिशेल ओरी आणि जॅकी बर्नार यांनी तशाच रेणूने बाहेर टाकलेला प्रकाश टिपला. शोषलेला प्रकाश मोजायचा म्हणजे भरपूर उजेडातली किंचितशी घट ओळखायची. फेकलेला प्रकाश मोजायचा म्हणजे काळोखातलं किंचितसं तेज ओळखायचं. दुसरा मार्ग सोपा ठरला आणि तेव्हापासून हे शास्त्र फ्लुओरेसन्सच्या, म्हणजे प्रतिदीप्तीच्या, वाटेने चाललं आहे.

या वाटेवर पहिली अडचण येते ती प्रकाशाच्या स्वभावाचीच. १८७३ साली एर्न्स्ट आबे यांनी दाखवलं की भिंग कितीही निर्दोष असलं तरी साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जवळच्या दोन गोष्टी त्यातून वेगळ्या दिसत नाहीत. हिरव्या प्रकाशाला आणि उत्तम तेल-भिंगाला ही मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास येते. प्रथिनाचा रेणू असतो काही नॅनोमीटरचा. त्यामुळे कॅमेऱ्यावर त्याचा ठिपका पडतो तो स्वतःच्या पन्नास-साठ पट मोठा.

कर्जतच्या माणसाला यापुढची गोष्ट समजायला काजवा पुरेसा आहे. पावसाच्या तोंडावर कोंढाण्याच्या बाजूला, राजमाचीच्या पायथ्याशी झाडं काजव्यांनी भरून जातात. चष्मा काढून लांबच्या एका काजव्याकडे पाहिलं तर तो पसरट, धूसर दिसतो, तरी त्या धूसर ठिपक्याचा मध्य कुठे आहे हे बोटाने दाखवता येतं. झाडभर काजवे एकाच वेळी उजळले तर मात्र सगळं मिळून एकच लख्ख ढग दिसेल आणि कुठला काजवा कुठल्या डहाळीवर हे सांगता येणार नाही. तेच काजवे एकेक करून लुकलुकले आणि प्रत्येक वेळी आपण मध्याची खूण करत गेलो, तर थोड्या वेळाने खुणांमधूनच झाडाच्या फांद्या ओळखू येतील. २००६ साली एरिक बेट्झिग आणि हॅराल्ड हेस यांनी जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या सहकार्याने, शाओवेई झुआंग यांच्या गटाने आणि सॅम्युएल हेस यांच्या गटाने, तिघांनी आपापल्या रीतीने, रेणूंना असं पाळीपाळीने उजळायला लावलं. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेट्झिग, मोर्नर आणि वेगळ्या पद्धतीने तीच मर्यादा ओलांडणारे स्टेफान हेल यांना मिळालं.

आता मुख्य प्रश्न. मध्य किती नेमका काढता येतो?

प्रकाश फोटॉन नावाच्या कणांनी येतो. प्रत्येक फोटॉन ठिपक्याच्या पसाऱ्यात कुठेतरी पडतो आणि मध्याबद्दल थोडीशी माहिती देतो. एकाच फोटॉनवरून सांगितलेल्या मध्यात ठिपक्याच्या पसाऱ्याएवढी चूक असू शकते. शंभर फोटॉन आले तर सरासरीतली चूक दहापट कमी होते, दहा हजार आले तर शंभरपट. म्हणजे चूक फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटते. ठिपक्याचं प्रमाण विचलन १०० नॅनोमीटर धरलं, तर १०० फोटॉनांत १० नॅनोमीटर आणि १०,००० फोटॉनांत १ नॅनोमीटर. या एका वाक्यावर सगळं शास्त्र उभं आहे आणि वाचकाने ते आपल्या हाताने करून पाहावं अशी माझी इच्छा आहे.

या हिशेबाने काय साधतं त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. पेशीत सामान वाहून नेणारं मायोसिन-५ नावाचं प्रथिन दोन पायांनी ॲक्टिनच्या धाग्यावरून चालतं आणि त्याचं शरीर प्रत्येक पावलाला साधारण ३७ नॅनोमीटर पुढे सरकतं, एवढं माहीत होतं. पण ते पाय ओलांडून चालतं, की अळीसारखं एक पाय पुढे टाकून दुसरा मागून ओढून घेतं, यावर वाद होता. २००३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अहमत यिल्दिझ आणि पॉल सेल्विन यांनी सहकाऱ्यांसह एका पायाजवळ रंगाचा एकच रेणू चिकटवला आणि त्याची जागा दीड नॅनोमीटरपर्यंत मोजली. अळीसारखी चाल असती तर तो ठिपका दर पावलाला ३७ नॅनोमीटर सरकला असता. तो एकदा ७४ नॅनोमीटर सरकायचा आणि पुढच्या पावलाला जागीच थांबायचा. वाद तिथे मिटला. ठिपका धूसरच होता. फक्त त्याच्या मध्यातली चूक किती हे ठाऊक होतं आणि ती पावलाच्या लांबीपेक्षा खूप लहान होती.

मग उजेड वाढवून आणखी फोटॉन का मिळवू नयेत, असं वर्गात हमखास विचारलं जातं. रंगाचा रेणू अमर नसतो. चांगला रंग साधारण एक लाख ते दहा लाख फोटॉन देऊन कायमचा विझतो, प्रयोगशाळेच्या भाषेत ब्लीच होतो. पेशीत जन्मणारी चमकदार प्रथिनं त्याहून बरीच लवकर विझतात. निघालेला प्रकाश सगळ्या दिशांना जातो, त्यातला साधारण ३० टक्के उत्तम भिंगाला सापडतो, आणि त्यातलाही काही फिल्टर, आरसे आणि कॅमेरा खातात. लेझर वाढवला तर हीच पुंजी लवकर संपते, शिवाय जिवंत पेशी भाजून निघते. रेणू हलता असेल तर फ्रेम लांबवताही येत नाही, कारण तेवढ्यात त्याची जागा बदलते. तेव्हा मंद उजेड हा साधनांच्या गरिबीतून आलेला नाही. जिवंत गोष्ट तिच्या गतीने पाहायची असेल तर तो पत्करावाच लागतो.

मंद उजेडात आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे नवशिक्यांचं दुर्लक्ष होतं. पेशीत आजूबाजूला इतर पदार्थही थोडेथोडे चमकत असतात. या पार्श्वभूमीच्या प्रकाशामुळे होणारी चूक फोटॉनांच्या वर्गमुळाने घटत नाही, ती थेट फोटॉनांच्या संख्येच्या प्रमाणात घटते. २००२ साली रसेल थॉम्पसन, डॅनियल लार्सन आणि वॅट वेब यांनी कॉर्नेल विद्यापीठातून दिलेल्या सूत्रात आकडे घालून पाहा. पिक्सेलची बाजू १०० नॅनोमीटर, ठिपक्याचं विचलन १०० नॅनोमीटर, आणि प्रत्येक पिक्सेलवर पार्श्वभूमीचे सरासरी १० फोटॉन. रेणूकडून १०,००० फोटॉन आले तर पार्श्वभूमीमुळे चूक १.०४ वरून १.०५ नॅनोमीटर होते, म्हणजे काही बिघडलंच नाही. रेणूकडून १०० च फोटॉन आले तर तीच पार्श्वभूमी चूक १०.४ वरून १९ नॅनोमीटरवर नेते. म्हणूनच काचेच्या पृष्ठभागाला लागून फक्त शे-दोनशे नॅनोमीटर जाडीचा थर उजळणारी टर्फ पद्धत या क्षेत्रात इतकी रुजली. १९८१ मध्ये डॅनियल ॲक्सेलरॉड यांनी ती पेशींवर वापरून दाखवली होती. रेणू अधिक तेजस्वी करता येत नसेल तर आजूबाजूचा काळोख अधिक काळा करायचा, हा तिचा विचार.

कॅमेऱ्याच्या प्रकरणाला मी या पुस्तकात पुष्कळ पानं दिली आहेत, कारण बहुतेक चुका तिथे शिरतात आणि तिथेच त्या पकडताही येतात. कॅमेरा देतो तो आकडा फोटॉनांचा नसतो. पूर्ण अंधारातही प्रत्येक पिक्सेल काही आकडा देतोच. तो आधी वजा करावा लागतो. उरलेल्याला गुणांकाने भागलं की पकडलेले इलेक्ट्रॉन मिळतात. हा गुणांक कंपनीच्या कागदावर छापलेला असतो, पण तो स्वतः मोजायला हवा, आणि मोजायची रीत फार सुंदर आहे. एकसारखा उजेड पाडून अनेक फ्रेम घ्या. प्रत्येक पिक्सेलची सरासरी काढा, विचलनाचा वर्गही काढा. उजेड थोडा वाढवून पुन्हा तेच करा. फोटॉन स्वैरपणे येत असल्यामुळे त्यांच्या संख्येची सरासरी आणि विचलनाचा वर्ग सारखेच असतात. त्यामुळे एका अक्षावर सरासरी आणि दुसऱ्यावर विचलनाचा वर्ग मांडला की सरळ रेषा येते आणि तिचा चढ हाच गुणांक. प्रकाशाच्या स्वैरपणातूनच मोजपट्टी हाती येते. याला महागडा सूक्ष्मदर्शक लागत नाही. कच्ची फाइल देणारा साधा कॅमेरा, एक एलईडी आणि पांढरा कागद पुरतो, आणि भिसेगावच्या वर्गात आम्ही हे याच सामानावर केलं आहे.

मंद उजेडाचे खास कॅमेरे दोन जातींचे. ईएमसीसीडीमध्ये पकडलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन वाचण्याआधी शेकडोपट वाढवला जातो, त्यामुळे वाचतानाचा नॉइज नगण्य होतो. पण ही वाढ स्वतःच स्वैर असते. तिच्यामुळे विचलनाचा वर्ग दुप्पट होतो, म्हणजे परिणाम असा की निम्मे फोटॉन वाया गेले. वर सांगितलेल्या रेषेचा चढही या कॅमेऱ्यात दुप्पट येतो, आणि हे विसरलं तर फोटॉनांची संख्या निम्मी निघते. दुसरी जात एससीमॉसची. तिथे वाढवण्याचा खेळ नाही, वाचतानाचा नॉइजही एक-दोन इलेक्ट्रॉनांएवढाच, पण प्रत्येक पिक्सेलचा स्वभाव वेगळा. काही पिक्सेल इतके चंचल असतात की सॉफ्टवेअर त्यांनाच रेणू समजतं. २०१३ मध्ये येल विद्यापीठातल्या यॉर्ग बेवर्सडॉर्फ यांच्या गटाने प्रत्येक पिक्सेलचा वेगळा हिशेब ठेवून हे कसं टाळायचं ते दाखवलं.

इथवर आलं की एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. माझं सॉफ्टवेअर १९ नॅनोमीटर म्हणतं, दुसऱ्याचं १४. उद्या कुणी ५ म्हणेल. याला काही तळ आहे की नाही? तळ आहे, आणि तो ज्यांनी शोधला ते कोलकात्यात बसून काम करत होते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधल्या सी. राधाकृष्ण राव यांचा निबंध १९४५ साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापून आला. राव तेव्हा जेमतेम पंचविशीचे होते. नोंदींमध्ये शोधत असलेल्या राशीबद्दल जेवढी माहिती आहे, तिच्यापलीकडे कुठलीही निःपक्षपाती पद्धत जाऊ शकत नाही, आणि ही हद्द आधीच गणिताने काढता येते, हे त्यांनी सिद्ध केलं. स्वीडनच्या हाराल्ड क्रेमर यांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं, म्हणून जगभर तिला क्रेमर-राव सीमा म्हणतात. २००४ मध्ये टेक्सासमधल्या रायमुंड ओबर, श्रीपाद राम आणि सॅली वॉर्ड यांनी हीच सीमा एकट्या रेणूच्या जागेसाठी मांडली. तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाचा कुठलाही दावा तपासायला एक पक्की कसोटी मिळाली. फोटॉन इतके, पार्श्वभूमी इतकी, पिक्सेल असे, मग चूक इतक्यापेक्षा कमी असूच शकत नाही. कुणी कमी सांगत असेल तर त्याचा हिशेब चुकला आहे, किंवा तो आधीच काहीतरी गृहीत धरून बसला आहे.

या सीमेपर्यंत पोचवणारी सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे मॅक्झिमम लाइकलिहुड. जो मध्य धरल्यावर प्रत्यक्ष दिसलेली फ्रेम मिळण्याची शक्यता सर्वाधिक होते, तोच मध्य मानायचा. या पद्धतीच्या पायाशी एका मराठी माणसाचं काम आहे आणि ते आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे याची मला खंत वाटते. कोल्हापुरात जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी होते. १९४८ साली त्यांनी सिद्ध केलं की ठरावीक अटी पाळल्या आणि नोंदी वाढत गेल्या, तर या पद्धतीच्या समीकरणाचं खऱ्या मूल्याकडे जाणारं उत्तर एकच असतं आणि त्याच ठिकाणी शक्यता सर्वाधिक असते. म्हणजे शोध भरकटणार नाही याची हमी. पुढे १९५३ मध्ये त्यांनी पुणे विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग उभा केला, १९६० मध्ये त्यांना केंब्रिजचं ॲडम्स पारितोषिक मिळालं आणि १९७४ मध्ये पद्मभूषण. त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा विचारही केला नसेल. तरी आज या पद्धतीने एकट्या रेणूची जागा काढणारा प्रत्येक संगणक त्या हमीवर विसंबून चालतो.

मात्र हमीतली अट नजरेआड करू नये. नोंदी वाढत गेल्या तर, असं तिचं म्हणणं आहे. तीस-चाळीस फोटॉनांचा रेणू म्हणजे नोंदी फार थोड्या. तिथे ही पद्धत सीमेला पोचेलच असं नाही आणि कधीकधी शोध भलत्याच ठिकाणी थांबतो. म्हणून फोटॉन कमी असताना सूत्रावर न थांबता त्याच परिस्थितीतल्या हजारो कृत्रिम फ्रेम संगणकावर तयार कराव्यात आणि आपली पद्धत त्यांवर किती चुकते ते प्रत्यक्ष मोजावं. कृत्रिम फ्रेममध्ये खरी जागा आपणच ठरवलेली असते, त्यामुळे चूक थेट दिसते. साध्या लॅपटॉपवर हे काम होतं.

ओबर यांच्याच गटाने २०१३ मध्ये एक उलटा वाटणारा उपाय दाखवला, तोही इथे सांगायला हवा. प्रकाश थोडा असेल तर तो मोजक्या पिक्सेलवर गोळा करावा असं कुणालाही वाटेल. जेरी चाओ आणि सहकाऱ्यांनी तो मुद्दाम इतका पसरवला की एकेका पिक्सेलवर सरासरी एक फोटॉनही पडू नये. तसं झालं की ईएमसीसीडीचा दुपटीचा तोटा जवळजवळ नाहीसा होतो, कारण तिथे फोटॉन आला की नाही एवढंच ओळखायचं उरतं. क्रेमर-राव सीमा मांडून बसल्याशिवाय हा उपाय सुचणं कठीण होतं. प्रयोगाआधी गणित करण्याचा फायदा सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

इतका वेळ मी ज्या चुकीबद्दल बोललो ती विखुरण्याची चूक आहे. तोच रेणू पुन्हापुन्हा मोजला तर उत्तरं किती पसरतील, एवढंच ती सांगते. सगळी उत्तरं एका जागी गोळा झाली आणि ती जागाच चुकीची असली तर? हा या विषयाचा अवघड भाग आहे, आणि या बाबतीत अनेक निबंध अपुरे पडतात असं माझं स्पष्ट मत आहे. रंगाचा रेणू सगळ्या दिशांना सारखा प्रकाश टाकत नाही. तो तिरपा बसलेला असेल आणि फोकस थोडासा हलला असेल, तर ठिपक्याचा मध्यच काही दशक नॅनोमीटर बाजूला सरकतो. दोन रंग वापरले तर भिंग त्यांना किंचित वेगळ्या जागी दाखवतं. रेणूला रंग लावायला अँटिबॉडी वापरली तर तीच दहा-एक नॅनोमीटर लांब, आणि एकावर दुसरी चढवली की रंग आणि प्रथिन यांच्यात वीसेक नॅनोमीटरचं अंतर पडू शकतं. फोटॉन वाढवून यातलं काहीही सुधारत नाही. फोटॉन वाढले की चुकीच्या जागेबद्दलची आपली खात्री तेवढी वाढते.

खोलीच्या तापमानाचंच पाहा. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रोमीटर फुगतं. सूक्ष्मदर्शकाचा दहा सेंटिमीटरचा पोलादी भाग अंशाच्या दहाव्या हिश्शाने तापला तर लांबी १२० नॅनोमीटरने वाढते. एसी चालू-बंद होत राहिला की फ्रेममधले सगळे रेणू त्याच्या तालावर सरकतात. कंपनांचा त्रास वेगळाच. भिसेगाव कर्जत स्टेशनला लागून आहे. घाट चढणाऱ्या गाड्यांना इथे मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती निघाली की पायाखालची जमीन थरथरते. असं यंत्र इथे बसवायचं तर हवेच्या गाद्यांवर तरंगतं टेबल लागेल, आणि तरीही नमुन्यात सोन्याचे बारीक कण किंवा न विझणारे मणी खूण म्हणून ठेवून त्यांच्या हालचालीवरून प्रत्येक फ्रेम सरळ करून घ्यावी लागेल. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते ज्याने केलं नाही त्याचा नॅनोमीटरचा दावा मी मान्य करणार नाही. २०१० मध्ये अलेक्झांड्रोस पर्टसिनिडिस, युनशियांग झांग आणि स्टीव्हन चू यांनी अर्ध्या नॅनोमीटरपर्यंत मजल मारली, ती कॅमेऱ्याच्या पिक्सेलांतला बारीकसारीक फरक मोजून आणि दुरुस्त करून.

हे सगळं परदेशात घडतं आणि आपण वाचायचं, असं कुणी समजू नये. कर्जतहून लोकलने मुंबईला उतरून कुलाब्याच्या टोकाला गेलं की टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च लागते. तिथे येण्याआधी सुदीप्त माइती यांनी कॉर्नेलला वॅट वेब यांच्याबरोबर काम केलं होतं. वर आलेल्या २००२ च्या सूत्रातले वेब ते हेच, आणि १९७२ मध्ये मॅग्डे आणि एल्सन यांच्यासह फ्लुओरेसन्सच्या चढउतारांवरून रेणूंचा हिशेब लावणारी पद्धतही त्यांचीच. माइती यांच्या गटाने कुलाब्याला ती पद्धत अल्झायमर आजाराशी निगडित अमायलॉइड-बीटावर लावली. शरीरात हे प्रथिन अतिशय विरळ असतं. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की तेवढ्या विरळ प्रमाणात ते पाण्यात विरघळलेलंच राहायला हवं. मग मेंदूत त्याच्या गुठळ्या होतात त्या कशामुळे, हा प्रश्न त्यातून अधिक टोकदार झाला. मंद उजेड काळजीने मोजल्याशिवाय हा प्रश्न नीट विचारताच आला नसता. तिथेच रूप मल्लिक यांनी लेझरच्या चिमट्याने पेशीतल्या वाहक प्रथिनांचं बळ मोजलं. पवईच्या आयआयटीत अरिंदम चौधरी यांचा गट एकेकट्या रेणूंच्या आणि सूक्ष्म स्फटिकांच्या लुकलुकण्याचा अभ्यास करतो. या प्रयोगशाळांना हात लागतात ते आपल्याच मुलामुलींचे.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. पहिली दोन प्रकरणं प्रकाश आणि भिंग यांची आहेत. ज्यांनी बी.एस्सी.ला प्रकाशशास्त्र नीट केलं आहे त्यांनी ती चाळली तरी चालेल. तिसरं प्रकरण कॅमेऱ्याचं, ते वगळू नये. चौथ्यात राव आणि हुजूरबाजार यांचं गणित आहे आणि ते मी जितकं सावकाश मांडता आलं तितकं मांडलं आहे. त्यातलं कलन अकरावी-बारावीपलीकडे फारसं जात नाही. पाचव्यात खऱ्या जागेपासून ढळवणाऱ्या चुका आहेत. ते प्रकरण सर्वांत लांब झालं, कारण तिथे एक सूत्र चालत नाही, प्रत्येक चूक वेगळी शोधून वेगळी मोजावी लागते. परिभाषेबाबत मी आग्रह धरलेला नाही. फोटॉन, पिक्सेल, नॉइज हे शब्द प्रयोगशाळेत जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत.

वाचकाला एकच विनंती आहे. तुम्ही पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत गेलात, हे यंत्र असो वा दुसरं, तर पहिल्या दिवशी कॅमेऱ्यावर झाकण ठेवून अंधारातल्या फ्रेम घ्या आणि त्याचा गुणांक स्वतः मोजा. कच्च्या फ्रेम कधी पुसू नका. निकाल लिहाल तेव्हा त्याच ओळीत फोटॉन किती होते, पार्श्वभूमी किती होती आणि चूक किती धरली तेही लिहा. कुणी विचारलं नाही तरी लिहा.

भिसेगाव, कर्जत (जि. रायगड)